शिक्षकांनी सोशल मीडियावर शिकायचं कसं? सुरुवात वर्गातल्या एका प्रश्नापासून

१/२ + १/३ = २/५

अपूर्णांकांची बेरीज शिकवलेल्या कुणालाही हे उत्तर चांगलंच ओळखीचं असेल. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, झालं! मी छेद समान करण्याची रीत पुन्हा पहिल्यापासून शिकवली, आणखी उदाहरणं घातली, मुलांनी ती बरोबर सोडवलीही. आणि पंधरा दिवसांनी चाचणीत २/५ पुन्हा हजर. शिक्षकांच्या खोलीत विषय काढला तर "सराव कमी पडला असेल" एवढंच ऐकायला मिळालं. त्या संध्याकाळी मी गणित शिकवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये प्रश्न टाकला. कधीही न भेटलेल्या एका शिक्षिकेचं दोन ओळींचं उत्तर आलं: "आधी बेरीज करायला सांगूच नका. उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान, एवढंच विचारा."

दुसऱ्या दिवशी मी तेवढंच विचारलं. सगळा वर्ग म्हणाला, मोठं येणार, अर्ध्यात भर घालतोय ना. मग मी फळ्यावर २/५ लिहिलं आणि हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान, असं विचारलं. पाचाचं अर्धं अडीच, आणि इथे तर दोनच आहेत. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मिळवल्यावर कमी झालं?" छेद समान का करायचे, हे त्या दिवशी मला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

सोशल मीडियावर शिक्षक म्हणून शिकणं मला तेव्हा कळलं. त्याआधी वर्षभर मी रोज रात्री पोस्टी वाचत होतो, आवडलेल्या सेव्ह करत होतो, आणि वर्गात त्यातलं काहीही उतरत नव्हतं. माझ्या अनुभवाने सांगतो, शिकणं होतं ते एका फेरीतून: वर्गातला प्रश्न बाहेर न्यायचा, मिळालेलं उत्तर वर्गात करून पाहायचं, आणि काय झालं ते परत जाऊन सांगायचं. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खऱ्या ओळखी नेमक्या तिथेच होतात. पुढचं सगळं ही फेरी नीट कशी घालायची याबद्दल आहे.

पहिलं काम वहीत

ॲप उघडण्याआधी एक आठवडा वहीत नोंदी करा. तास संपला की एक ओळ: आज कुठे अडलं? "मुलं लक्ष देत नाहीत" अशी ओळ उपयोगाची नाही. "गटात काम दिलं की चारांतला एकच लिहितो, बाकीचे बघत बसतात" ही उपयोगाची. आठवड्याअखेर दहा-बारा ओळी होतील. त्यांतल्या ज्या पुन्हा पुन्हा आल्या असतील अशा तीन निवडा. पुढचे दोन-तीन महिने तुम्ही कुणाला फॉलो करायचं, कुठल्या ग्रुपात जायचं आणि काय वाचायचं सोडून द्यायचं, हे या तीन ओळी ठरवतील. त्या नसल्या तर हे सगळं समोरचं ॲप ठरवतं.

माध्यम एकच निवडा, निदान सुरुवातीला

प्रत्येक माध्यमाचा स्वभाव वेगळा असतो. व्हॉट्सॲप सगळ्यांच्या हातात असतं, उत्तर पटकन येतं, म्हणून ओळखीच्या लोकांशी बोलायला ते उत्तम. पण ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात आणि तुमचा फोन नंबर त्या सगळ्यांना दिसू शकतो, हे अनोळखी ग्रुपात शिरताना ध्यानात ठेवा. शिवाय तिथली चांगली चर्चा दोन दिवसांत शुभेच्छांच्या आणि फॉरवर्डच्या ढिगाखाली गाडली जाते. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, ग्रुपात दोन लाखांपर्यंत माणसं मावतात आणि जुन्या फायली सहज सापडतात. मात्र एवढ्या मोठ्या ग्रुपात संवाद कमी आणि फायलींची देवघेव जास्त होते. फेसबुकवरच्या विषयवार ग्रुपांत एका प्रश्नाखाली पन्नास सविस्तर उत्तरं येऊ शकतात आणि ग्रुपात शब्द टाकून जुन्या चर्चा शोधता येतात, म्हणून नव्या शिक्षकाला मी आधी तिकडे पाठवतो. एक्स (पूर्वीचं ट्विटर) आणि त्याच धर्तीची ब्लूस्काय, मॅस्टोडॉन यांवर जगभरातले शिक्षक, संशोधक आणि पाठ्यपुस्तकं लिहिणारे एकाच ठिकाणी भेटतात, पण तिथे थोडक्यात लिहायची सवय करावी लागते. यूट्यूब बघून शिकायला छान. लिंक्डइनवर कामाच्या ओळखी वाढतात, पण वर्गातला रोजचा गोंधळ तिथे फारसा कुणी मांडत नाही.

हॅशटॅगचा, म्हणजे # लावून लिहिलेल्या विषयाच्या शब्दाचा, उपयोग शिकून घ्या; तो शब्द शोधला की त्या विषयावरच्या सगळ्यांच्या पोस्टी एकत्र दिसतात. ही कल्पना ख्रिस मेसिना यांनी ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर मांडली, आणि दोनच वर्षांत, २००९ मध्ये, शिक्षकांनी 'एडचॅट' या हॅशटॅगखाली ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र येऊन एकाच प्रश्नावर बोलायला सुरुवात केली. ही ठरलेल्या वेळेची पद्धत अजूनही फार कामाची आहे. तुमच्या विषयाची अशी चर्चा कुठे होत असेल तर महिन्यातून एकदा तरी तिथे हजर राहा. तासभराच्या चर्चेत जेवढी माणसं कळतात तेवढी महिनाभर फीड वाचून कळत नाहीत.

खातं

घरचं खातं आणि कामाचं खातं वेगळं ठेवा. यावर मी ठाम आहे. कुटुंबाचे फोटो, राजकीय मतं आणि वर्गातले प्रश्न एकाच ठिकाणी आले की पालक, मुलं, वरिष्ठ सगळेच सगळं बघू लागतात आणि मग तुम्ही मोकळेपणाने प्रश्नच विचारत नाही.

परिचयात विषय, कोणत्या वयाची मुलं शिकवता आणि सध्या कशावर विचार करता आहात एवढं लिहा. "भाषा शिकवते, वय ११ ते १३. सध्या शोधते आहे: न लिहिणाऱ्या मुलांना लिहितं कसं करायचं" असा परिचय वाचून योग्य माणसं आपणहून येतात. शाळेचं नाव लिहावं की नाही हे तुमच्या शाळेचे नियम पाहून ठरवा; शंका असेल तर लिहू नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) पहिल्याच दिवशी चालू करा. मुलांच्या फॉलो किंवा फ्रेंड रिक्वेस्ट या खात्यावर स्वीकारू नका. त्यांच्याशी बोलायचं ते शाळेने ठरवलेल्या मार्गानेच.

कुणाला फॉलो करायचं?

सुरुवातीला वीसच माणसं. जे वर्गातलं दाखवतात, फसलेलंही सांगतात आणि खाली आलेल्या प्रश्नांना उत्तरं देतात, अशी. लाखभर फॉलोअर असलेला पण रोज फक्त सुविचार टाकणारा माणूस तुमच्या तीन ओळींपैकी एकीलाही मदत करणार नाही. चांगला माणूस सापडला की तो कुणाशी बोलतो ते बघा. पुढची पाच नावं तिथेच मिळतात.

या विसांत पाच जण मुद्दाम दूरचे घ्या: वेगळा विषय, वेगळी वयोगटं, वेगळा देश. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की नवी माहिती आपल्यापर्यंत बरेचदा जवळच्या मित्रांकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना आपल्याला जे ठाऊक तेच ठाऊक असतं. गटात एकच मूल लिहितं, या माझ्या अडचणीवर सर्वांत उपयोगी सूचना एका संगीत शिक्षकाने दिली. वृंदवादनात प्रत्येकाचं वाद्य वेगळं असतं, म्हणून कुणाला गप्प बसता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मी गटाला एकच कागद देणं बंद केलं. चौघांना माहितीचे चार वेगळे तुकडे देतो. ते जोडल्याशिवाय उत्तर निघतच नाही.

पहिले काही आठवडे नुसतं वाचा

गप्प राहून वाचण्यात कमीपणा मानू नका. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकाऊ माणसं काम कसं शिकतात याचा अभ्यास मांडला. शिंपीकाम शिकणारी मुलं, सुईणी, जहाजावरचे लोक, सगळे आधी कडेला राहून बघतात, छोटी कामं करतात आणि हळूहळू मध्यभागी सरकतात. ऑनलाइन गटातही तसंच होतं. कोण कसं विचारतं, कशाला उत्तर मिळतं, कुठल्या शब्दांनी वाद पेटतो हे बघून घ्या. फक्त वही जवळ असू द्या. एखादी पोस्ट आवडली की सेव्ह करण्याआधी एक ओळ लिहा: हे मी कुठल्या वर्गात, कुठल्या पाठाला वापरीन? उत्तर सुचलं नाही तर पोस्ट सोडून द्या. माझ्या सेव्ह केलेल्या चारशे पोस्टींपैकी मी पुन्हा उघडल्या त्या दहासुद्धा नव्हत्या. ओळ लिहिलेल्या मात्र बहुतेक वापरल्या.

प्रश्न विचारणं: इथे सर्वाधिक कष्ट घ्या

"अपूर्णांक कसे शिकवावेत? कृपया मार्गदर्शन करा." या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरं येतात: एखाद्या व्हिडिओची लिंक, "खेळातून शिकवा" असा सल्ला, आणि नमस्काराच्या खुणा. दोष उत्तर देणाऱ्यांचा नाही. प्रश्नात धरायला काही नव्हतंच.

मी त्या संध्याकाळी लिहिलेला प्रश्न असा होता:

"वय १० ते ११. मुलं १/२ + १/३ = २/५ असं लिहितात. छेद समान करण्याची रीत दोनदा शिकवली. तेव्हा जमली, पंधरा दिवसांनी पुन्हा तीच चूक. कागदाच्या पट्ट्या वापरून झाल्या. पट्टीवर उत्तर बरोबर येतं, वहीत चुकतं. पट्टीपासून वहीपर्यंत तुम्ही कसं नेता?"

यात पाच गोष्टी आहेत. मुलांचं वय आहे. नेमकी चूक जशीच्या तशी आहे. काय करून पाहिलं ते आहे, त्यामुळे तेच सल्ले पुन्हा येत नाहीत. कुठपर्यंत जमतं आणि कुठे तुटतं ते आहे. आणि शेवटी "काय करावं?" ऐवजी "तुम्ही कसं नेता?" असं विचारलं आहे. हा शेवटचा बदल छोटा वाटेल, पण सल्ला मागितला की लोक उपदेश करतात आणि अनुभव विचारला की अनुभव सांगतात.

आपण अनुभवी असलो की असा प्रश्न विचारायला जड जातं. इतकी वर्षं शिकवून एवढं येत नाही का, असं लोक म्हणतील अशी भीती वाटते. मला वाटायची. प्रत्यक्षात त्या प्रश्नाखाली माझ्याहून अनुभवी तिघांनी "माझंही हेच होतं" असं लिहिलं. उत्तर न आल्यास दोन दिवसांनी एखाद्या जाणकाराला नम्रपणे टॅग करा, किंवा प्रश्न आणखी छोटा करून पुन्हा विचारा. चार ग्रुपांत एकाच वेळी तोच मजकूर चिकटवू नका. लोकांच्या ते लक्षात येतं आणि मग कुणीच मनावर घेत नाही.

परत जाऊन सांगा

त्या शिक्षिकेला मी दोन दिवसांनी लिहिलं: काय विचारलं, मुलं काय म्हणाली, आणि काय जमलं नाही तेही. वर्गातल्या पाच-सहा जणांना २/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहे हेच पटत नव्हतं, कारण दोन आणि पाच हे आकडे एक आणि दोनपेक्षा मोठे दिसतात. त्यावर त्यांनी संख्यारेषेवर ०, १/२ आणि १ हे तीनच थांबे आखून मुलांना अपूर्णांक अंदाजाने बसवायला सांगायची कल्पना दिली. मी ती केली, त्याबद्दलही कळवलं. चार महिन्यांत आमच्यात अशा आठ-दहा फेऱ्या झाल्या. पुढे त्यांनीही त्यांचा प्रश्न मला विचारला. शेकडो लाइक देऊन ही ओळख झाली नसती.

परतीची पोस्ट पाच-सहा ओळींची पुरे. कुणाकडून घेतलं ते नाव घेऊन लिहा, तुम्ही त्यात काय बदललंत ते लिहा, आणि फसलेला भाग अजिबात गाळू नका. वाचणाऱ्यांना त्याचाच आधार वाटतो. दुसऱ्याची वर्कशीट वापरलीत तर तिच्यावरचं नाव काढून पुढे पाठवू नका. आपलं साहित्य देताना क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याची खूण लावली की लोकांनी ते कसं वापरायचं हे स्पष्ट होतं. असे परवाने २००२ पासून मोफत उपलब्ध आहेत.

खरं-खोटं पारखून घ्या

शिक्षकांच्या ग्रुपांत एक चित्र कायम फिरतं: आपल्याला वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, आणि दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के. खाली बहुतेक वेळा एडगर डेल यांचं नाव असतं. डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांची शंकूच्या आकाराची आकृती जरूर मांडली, पण तिच्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर दुसऱ्यांनी चिकटवले. लक्षात राहण्याचं प्रमाण इतकं गोल, दहाच्या पाढ्यात कसं येईल, हा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्यालासुद्धा पडत नाही, कारण चित्र ओळखीच्या माणसाने पाठवलेलं असतं. हेच 'बघून शिकणारी मुलं, ऐकून शिकणारी मुलं' या विभागणीचं. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तरी त्या तक्त्यांवरून मुलांवर शिक्के बसतात. याचा मला खरोखर त्रास होतो. "हा ऐकून शिकणारा" असं एकदा ठरलं की त्या मुलाला वाचायची संधीच कमी मिळते.

पारखण्यासाठी माइक कॉलफिल्ड यांनी सुचवलेल्या चार गोष्टी मी पाळतो: थांबा, सांगणारा कोण आहे ते बघा, याच विषयावर आणखी चांगलं कुणी लिहिलं आहे का ते शोधा, आणि आकडा, चित्र किंवा वाक्य मुळात कुठून आलं तिथपर्यंत जा. एका पोस्टीला पाच मिनिटं लागतात. चूक दाखवताना मात्र चारचौघांत पाणउतारा करू नका. "याचा मूळ संदर्भ मिळेल का?" एवढं विचारलं तरी पुरतं.

मुलांचं काहीही टाकण्याआधी

यात सूट नाही. मुलांचे चेहरे, नावं, गुण, आजारपण, घरची परिस्थिती यांतलं काहीही टाकायचं नाही. शाळेचे नियम आणि पालकांची लेखी संमती असली तरी स्वतःला विचारा: हे मूल मोठं झाल्यावर त्याला हे चालेल का? वहीचं पान दाखवायचं असेल तर मी चूक माझ्या अक्षरात कोऱ्या कागदावर लिहून काढतो. मुलाचं अक्षरही वर्गमित्र आणि पालक ओळखतात. नाव झाकायला फोनमधला काळा मार्कर वापरलात तर जपून. तो बरेचदा किंचित पारदर्शक असतो आणि फोटो उजळला की खालचं नाव वाचता येतं. तो भाग कापूनच टाका. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो कुठे काढला याची माहिती फायलीत तशीच राहू शकते.

"आज एकाने काय उत्तर लिहिलं बघा" अशी गमतीची पोस्टही नको. मी एकदा टाकली होती, नाव न घेता. बंद ग्रुपातून तिचा स्क्रीनशॉट बाहेर गेला आणि त्या मुलाने तो ओळखला. पोस्ट काढली, मुलाची माफी मागितली. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने वर्गात हात वर केला नाही. बंद ग्रुप बंद असतो यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

वेळ

नोटिफिकेशन बंद ठेवा, दिवसातली वीस मिनिटं ठरवा आणि ती झोपण्याआधीची नसू द्यात. दुसऱ्यांच्या सजवलेल्या वर्गांचे फोटो बघून आपण कुठेच नाही असं वाटायला लागलं तर ती खाती म्यूट करा. परीक्षांच्या दिवसांत महिनाभर गेलात नाहीत तरी काही बिघडत नाही.

लहान गट बांधा

सहा-आठ महिन्यांत ज्यांच्याशी खरी देवघेव झाली असे चार-पाच जण लक्षात येतील. त्यांना विचारून एक छोटा गट करा आणि महिन्यातून एकदा पाऊण तास व्हिडिओ कॉलवर भेटा. प्रत्येक वेळी एकानेच अडचण मांडायची, बाकीच्यांनी पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे. सल्ले नंतर. शिक्षकांनी शिक्षकांसाठी घेतलेल्या मोठ्या भेटीही अशाच उभ्या राहिल्या आहेत. स्कॉटलंडमध्ये २००६ मध्ये टीचमीट हे शिक्षकांचं अनौपचारिक संमेलन सुरू झालं ते काही शिक्षकांच्या मोकळ्या गप्पांमधून, आणि २०१३ मध्ये लंडनला रिसर्चएड या शिक्षण-संशोधनावर बोलणाऱ्या शिक्षकांच्या उपक्रमाची पहिली परिषद झाली तिची सुरुवात ट्विटरवरच्या बोलण्यातून.

गटाच्या नोंदी ॲपच्या बाहेर, सगळ्यांना उघडता येईल अशा एका फाइलमध्ये ठेवा आणि एकमेकांचे ईमेल पत्ते घेऊन ठेवा. २०२३ मध्ये ट्विटरचं एक्स झालं तेव्हा अनेक जण तिथून निघून गेले आणि वर्षानुवर्षांच्या ओळखी विखुरल्या. आमच्या फाइलमध्ये प्रत्येक नोंदीला चार रकाने आहेत: प्रश्न, कुणी काय सुचवलं, वर्गात काय झालं, पुढे काय बघायचं. पहिल्या ओळीत अजून १/२ + १/३ आहे. तिच्या चौथ्या रकान्यात गेल्या महिन्यात एकीने लिहिलं आहे: "वजाबाकीत हेच करून बघते, कळवते."